पाव इंचाचा संप्रदाय

अमेरिकेत दोन माणसांचं कशावर एकमत होईल याची खात्री देता येत नाही. निवडणूक, बंदुका, आरोग्यविमा ही मोठी प्रकरणं बाजूला ठेवू. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा याबद्दल एका छपराखाली तीस वर्षं संसार केलेल्या नवराबायकोचंही एकमत नसतं. अशा देशात लाखो लोकांचा एक समुदाय पाव इंच म्हणजे किती, या प्रश्नावर ठाम उभा आहे. मतभेद त्यांच्यातही आहेत, पण ते सगळे पाव इंचाच्या आतले आहेत.

हे लोक क्विल्ट शिवतात. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच की, असं इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्यांदा वाटतं आणि ते बरंचसं खरंही आहे. दोन्हींत कापडाचे थर, दोन्हींत ते थर धरून ठेवणारे टाके, आणि दोन्ही पांघरायच्या, निदान तत्त्वतः. फरक आहे तो सुरुवातीचा. गोधडी सुरू होते कापडाचं आयुष्य संपल्यावर. लुगडं नेसून नेसून विरलं की त्याचं जुनेर होतं आणि जुनेराची गोधडी. क्विल्ट सुरू होते ती दुकानात. नवं, कोरं, कडक कापड वारावर मोजून आणायचं, त्याचे काटेकोर तुकडे करायचे आणि ते तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून एक मोठं कापड तयार करायचं. माझ्या सासूबाई कराडहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या होत्या. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अख्खं होतं, तर कापलं कशाला?"

या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर नाही, कारण क्विल्टिंग हा छंद नसून संप्रदाय आहे. त्यात दीक्षा आहे, गुरू आहेत, सोवळंओवळं आहे, पंथभेद आहेत, वारीसुद्धा आहे. मी दीक्षा घेतली ती इंडियानातल्या आमच्या गावच्या कापडाच्या दुकानात, शनिवारी सकाळी भरणाऱ्या नवशिक्यांच्या वर्गात. सासूबाई बरोबर यायच्या. घरी एकटीनं बसून खिडकीतून किती खारी बघणार? कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्या वर्गाकडे बघायच्या आणि वर्ग त्यांच्याकडे.

आमच्या बाई सत्तरीच्या. उभं आयुष्य शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. चेहऱ्यावर मायाळू हसू आणि हातात रोटरी कटर, म्हणजे गोल फिरणारं पातं. ओल्फा या जपानी कंपनीनं हे हत्यार १९७९ साली बाजारात आणलं आणि संप्रदायात क्रांती झाली. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिलीनं आखायचं आणि एकेक तुकडा कात्रीनं कापायचा, अशी तपश्चर्या होती. आता कापडाच्या चार घड्या एकदम कापता येतात. बोटंही एकदम कापता येतात, म्हणून पहिला धडा कापण्याचा नव्हताच; कटर खाली ठेवण्याचा होता. हात सुटला की पातं बंद. पुन्हा उचला, पुन्हा ठेवा, पुन्हा बंद. कापताना धार नेहमी आपल्यापासून लांब न्यायची. कटरखाली जी हिरवी चटई असते, तिच्यावरचे काप आपोआप मिटतात. "ही सोय बोटांना नाही," हे वाक्य बाईंनी पहिल्याच तासाला जरा मोठ्या आवाजात सांगून टाकलं.

आमच्या वर्गासाठी बाईंनी कापड नेमलं होतं बाटिक. कारण व्यवहारी होतं. साध्या छापील सुती कापडाला सुलट आणि उलट बाजू असते. नवशिका हमखास निम्मे तुकडे उलटे जोडतो आणि सगळं झाल्यावर दचकतो. बाटिकमध्ये रंग आरपार गेलेला असतो, त्यामुळे उलटं जोडलं तरी ते सुलटच. शिवाय वीण घट्ट, कडा फारशा उसवत नाहीत. चुकणाऱ्याला इतकं सांभाळून घेणारं दुसरं कापड नाही, असं बाई म्हणाल्या.

मराठी मध्यमवर्गाची बाटिकशी ओळख आहे ती दिवाणखान्यातल्या गणपतीमुळे. लाल-काळ्या रंगाचा, अंगभर बारीक तडे असलेला, खालीवर काठ्या लावून भिंतीवर टांगलेला. ते तडे म्हणजे मेण मोडल्याच्या खुणा. जिथे मेण तिथे रंग शिरत नाही, एवढंच बाटिकचं तत्त्व. बाकी सगळी मेहनत. जावा बेटावर चांटिंग नावाच्या, तांब्याची चोच असलेल्या छोट्या अवजारातून वितळलेलं मेण सोडत कापडावर रेघा काढतात, नाहीतर चाप नावाचा तांब्याचा ठसा मेणात बुडवून उठवतात. मग कापड रंगात बुडवायचं, उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं, आणि दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून. इथल्या दुकानांतलं बाटिक बहुतेक इंडोनेशियातूनच येतं. युनेस्कोनं २००९ साली इंडोनेशियन बाटिकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि तेव्हापासून तिथे २ ऑक्टोबर हा बाटिक दिवस असतो. त्या दिवशी आपण सूत आठवतो, ते मेण आठवतात.

बाटिकचा इतिहास ऐकला की कापडालाही मानापमान असतात हे पटतं. योग्याकार्ताच्या दरबारात परांग नावाची तिरक्या लाटांची नक्षी राजघराण्यासाठी राखून ठेवलेली होती. सामान्यांनी ती अंगावर घालायची नाही, असा दंडक होता. आमच्या वर्गात पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी त्याच नक्षीचा वारभर तुकडा सवलतीत उचलला आणि कुत्र्याच्या अंथरुणाला काठ लावला. कुत्र्यानं तो मान सहज स्वीकारला.

डच कारखानदारांची फजिती तर आणखी मोठी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी यंत्रावर नकली बाटिक छापून ते जावातच विकायचा घाट घातला. यंत्रानं कापडावर दिलेल्या राळेच्या थराला तडे जात आणि त्यांत रंग शिरून नको तिथे शिरा उमटत. जावातल्या चोखंदळ गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. तेच कापड पश्चिम आफ्रिकेत पोचलं, आणि तिथल्या लोकांना त्या शिराच आवडल्या. हेलमोंड गावात १८४६ साली सुरू झालेली व्हलिस्को कंपनी अजून आफ्रिकेसाठी कापड छापते आहे. मालात दोष नसतो, गिऱ्हाईक चुकीचं असतं, हा व्यापारातला सिद्धान्त बहुधा तिथेच सिद्ध झाला असावा.

आमचं गिऱ्हाईक मात्र जावाच्या वळणाचं निघालं. दुकानात बाटिकचे तागे ओळीनं उभे होते: शेवाळी, जांभळट, गंजलेल्या लोखंडाचा, पावसाळी आभाळाचा. सासूबाईंनी एका ताग्याचं टोक चिमटीत धरलं, उजेडाकडे वळवलं आणि मला हळूच म्हणाल्या, "अगं, याला डाग आहेत. आतलं दुसरं दाखवायला सांग."

"आई, ते डाग नाहीत. ते तसंच असतं. हातानं करतात."

"हातानं करतात म्हणून डाग पाडायचे? आणि केवढ्याला?"

साडेतेरा डॉलर वार. सासूबाईंनी डोळे मिटले. डॉलरचे रुपये करताना त्या नेहमीच डोळे मिटतात. शेजाऱ्याला वाटावं प्रार्थना चालू आहे. डोळे उघडून म्हणाल्या, "एवढ्यात कराडला अख्खी साडी येईल. आणि तिचा रंग सगळीकडे सारखा असेल."

कापड घरी आलं, की संप्रदायातला पहिला पंथभेद समोर येतो: शिवायच्या आधी धुवायचं की नाही? धुणाऱ्यांचं म्हणणं, गडद निळी आणि लाल बाटिकं रंग सोडतात. पांढऱ्याशेजारी शिवलीत तर पहिल्या धुण्यात सगळी गुलाबी. न धुणाऱ्यांचं म्हणणं, कापडाचा कोरा ताठपणा गेला की कापताना ते हलतं. शिवून झाल्यावर धुवा आणि यंत्रात रंग शोषून घेणारे कागद टाका. दोन्ही बाजू एकमेकींबद्दल अत्यंत सभ्य शब्दांत बोलतात, आणि त्यावरूनच भांडण किती जुनं आहे ते कळतं. सासूबाईंना हा वाद समजावून सांगितला. "नवं कापड आधी भिजवून घ्यायचं, यात विचारायचं काय?" असं म्हणून त्या एका क्षणात धुणाऱ्यांच्या पंथात दाखल झाल्या. पुढे त्यांनी मूठभर मीठही सुचवलं. बाईंनी सांगितलं, की मीठ कामाला येतं ते रंग चढवताना. चढलेला रंग त्यानं पक्का होत नाही. हे सासूबाईंनी अजून मान्य केलेलं नाही.

दुसरा धडा रंगांचा, खरं तर रंग विसरण्याचा. क्विल्टमध्ये नक्षी उठून दिसते ती फिक्या-गडदाच्या फरकामुळे. बाटिकची गोम ही, की बहुतेक सगळी मधली: फार फिकी नाहीत, फार गडद नाहीत, आणि सगळीच सुंदर. वर्गातल्या एका नर्सबाईंनी आठवडाभर खपून समुद्राचे रंग निवडले होते. बाईंनी त्यांना फोनवर काळा-पांढरा फोटो काढायला सांगितला. फोटोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच राखाडी चादर. नर्सबाई बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. मग दुकानात जाऊन पिवळसर फिकं आणि जवळजवळ काळं असे दोन तुकडे घेऊन आल्या, आणि समुद्राला एकदम लाटा आल्या.

आता मूळ पीठ: पाव इंच. आपल्याकडे शिंपी शिवणीत माया सोडतो. पोर वाढेल, पोट सुटेल, उद्या उसवून मोठं करता आलं पाहिजे, हा त्यामागचा दूरदर्शी हिशोब. क्विल्टला वाढायचं नसतं, त्यामुळे माया पाव इंच, एक धागा जास्त नाही. का, ते बाईंनी फळ्यावर मांडून दाखवलं. एका ओळीत नऊ चौकोन असतील तर शिवणी आठ. प्रत्येक शिवण इंचाच्या फक्त सोळाव्या भागानं जास्त घेतलीत, तर दोन्ही बाजूंचं कापड मिळून इंचाचा आठवा भाग आत जातो. आठ शिवणी झाल्या की पूर्ण इंच गायब. खालची ओळ अचूक शिवलेली असेल तर दोघींची गाठ कधीच पडणार नाही. एवढं समजावून झाल्यावर बाईंनी आवाज खाली आणला आणि गुरुमंत्र दिला: शिवण पाव इंचाची घ्यायची नाही, पाव इंचाला एक-दोन धागे कमी घ्यायची, कारण घडीच्या वळणात तेवढं कापड जातं. म्हणजे ज्या पाव इंचावर अख्खा संप्रदाय उभा आहे, तो पाव इंच नसतोच. अध्यात्मात इथपर्यंत पोचायला जन्म जातात.

त्यानंतर त्रिकोण. दोन वेगळ्या रंगांचे चौकोन एकमेकांवर ठेवायचे, कर्णावर पेन्सिलीची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घालायची आणि मग रेघेवर कापायचं. उघडून बघावं तर दोन जोडचौकोन तयार, अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ही युक्ती इतकी देखणी आहे, की पहिल्यांदा जमल्यावर सगळा वर्ग एकमेकांना तुकडे दाखवत फिरला. फक्त त्यासाठी मूळ चौकोन हव्या त्या मापाहून सात अष्टमांश इंच मोठा लागतो. मुळात अपूर्णांकांना भिऊन कलाशाखेला गेलेली माणसं इथे शनिवारची झोप मोडून, फी भरून, सात अष्टमांशात पाव मिळवत बसतात. शाळेत ज्यांनी हे ऐकलं नाही, ते आता ऐकतात, याचं समाधान बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

इस्त्रीचंही सोवळं असतं. क्विल्टला इस्त्री फिरवायची नाही; ठेवायची, दाबायची, उचलायची. फिरवली की तिरक्या कापाची कड ताणली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो. शिवण गडद कापडाकडे झोपवायची, म्हणजे फिक्यातून तिची सावली दिसत नाही. शेजारच्या शिवणी विरुद्ध दिशांना झोपवल्या, की जोडताना त्या एकमेकींत अचूक अडकतात आणि कोपऱ्याला कोपरा मिळतो. हा क्षण हाताला कळतो, डोळ्यांना नंतर. शिवण एका बाजूला न झोपवता मधोमध उघडणारा दुसरा पंथ आहे. त्यांच्याबद्दल आमच्या वर्गात चांगलंच बोललं जातं, पण थोडक्यात.

आणि उसवण. कुठल्याही नवशिक्याचा सर्वांत वेगानं वाढणारा गुण तोच. बाटिकची वीण घट्ट असल्यामुळे सुईची भोकंही लगेच बुजत नाहीत. म्हणून बारीक, टोकदार सुई वापरायची आणि उसवायची वेळच आणायची नाही, असा शुद्ध उपदेश आहे. अमिश बायका क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव, अशी एक गोड कथा सगळीकडे सांगतात. क्विल्टच्या इतिहासकारांना तिला पुरावा सापडलेला नाही. आमच्या बाईंनाही ती पटत नाही. "मुद्दाम ठेवायची वेळ माझ्यावर तरी अजून आलेली नाही," म्हणाल्या.

सासूबाई इतके दिवस नुसत्या प्रेक्षक होत्या. एकदाच त्यांनी माझा लोंबता दोरा पुढे वाकून दातानं तोडला, तेव्हा आसपासची चार यंत्रं एकदम थांबली होती. पण मग आला तीन थरांचा दिवस. खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर आपण शिवलेली नक्षी; तिन्ही सुरकुती न पडता पसरून तात्पुरते एकत्र बांधायचे. हे जमिनीवर करावं लागतं. वर्गाचं सरासरी वय साठ. मंडळी गुडघ्यांखाली उश्या घेऊन रांगू लागली, वाकड्या सेफ्टी पिना चार-चार बोटांच्या अंतरानं टोचू लागली, आणि दर दोन पिनांमागे कोणाच्या तरी कमरेतून आवाज येऊ लागला. सासूबाई पदर खोचून उठल्या, मांडी घालून क्विल्टच्या मध्यावर बसल्या आणि सुईदोरा मागितला. मग लांब धावदोरा घालत, हातानं थर सारखे करत, त्या मध्यापासून कडेकडे सरकत गेल्या. एक पीन नाही, एक सुरकुती नाही. "कापड आहे की पत्रा?" एवढंच मध्ये एकदा म्हणाल्या, बाटिकमधून हाताची सुई काढणं सोपं नसतं. काम संपल्यावर कशालाही न धरता उभ्या राहिल्या. टाळ्या पडल्या त्या टाक्यांना नाही, त्या उठण्याला.

पुढचं पायरीपायरीनं होतं. यंत्राला वेगळा पाय लावायचा, म्हणजे वरचा आणि खालचा थर बरोबरीनं सरकतात. मग सरळ रेघा माराव्यात. धाडस आलं की यंत्राचे दाते खाली पाडायचे आणि हातानं कापड फिरवत हव्या तशा वेलबुट्ट्या काढायच्या. टाका लहान येईल की मोठा, हे तेव्हा केवळ श्वासावर अवलंबून असतं. ज्यांना हे नको, ते आपली नक्षी मोठ्या चौकटीचं यंत्र असलेल्या माणसाकडे देतात आणि पैसे देऊन भरून घेतात. त्याला संप्रदायात चेकबुकनं शिवणं म्हणतात. म्हणणारेही नंतर त्याच माणसाकडे जातात.

यातल्या कुठल्याच पायरीवर न अडकणारी एक गोष्ट आहे: खरेदी. अठरा बाय बावीस इंचांचे चौथाई तुकडे, अडीच इंची पट्ट्यांच्या गुंडाळ्या, पाच इंची चौकोनांच्या चळती अशा रूपांत कापड बांधलेलं मिळतं, जेणेकरून कशासाठी घेतोय हे ठरवण्याआधीच ते घेता यावं. प्रत्येकाच्या घरी कपाटभर साठा असतो. या जन्मात शिवून संपणार नाही इतका साठा झाला, की त्यासाठी वेगळी संज्ञा आहे आणि ती अभिमानानं वापरतात. अर्धवट सोडलेल्या क्विल्टसाठीही आद्याक्षरं आहेत, यूएफओ. इंग्रजीत उडत्या तबकड्यांसाठी वापरतात तीच. तबकड्या कोणी नक्की पाहिलेल्या नाहीत. अर्धवट क्विल्टा प्रत्येकाच्या पलंगाखाली आहेत.

एप्रिलमध्ये वारी निघाली. केंटकी राज्यातलं पडुका हे पंचवीसेक हजार वस्तीचं नदीकाठचं गाव. इथे १९९१ पासून राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे, आणि युनेस्कोनं २०१३ साली या गावाला सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. वसंतातल्या प्रदर्शनाच्या आठवड्यात देशभरातून भाविक येतात. शरदात ह्यूस्टनला जमतात ते वेगळे. रस्त्यांवर दिसणारे पुरुष मुख्यतः पिशव्या धरण्यासाठी आलेले असतात. पोस्टवाले गृहस्थ आमच्या गाडीत होते आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. क्विल्ट पलंगावरून भिंतीवर कधी गेली? १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जुन्या क्विल्टा अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या तेव्हा. मग २००२ साली अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्टांचं प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कला भरलं. झिजलेल्या विजारी, कामाचे सदरे, जे हाताला आलं त्यातून शिवलेल्या. २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली, आणि ती या गृहस्थांनी स्वतः खिडकीवर बसून विकली होती. फोनवर त्यांनी चित्रं दाखवली. सासूबाईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "या बायकांना कापायला नवं कापड मिळालं नव्हतं, म्हणून शहाण्या राहिल्या," म्हणाल्या.

प्रदर्शनात क्विल्टांना हात लावायचा नसतो. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक फिरत असतात. पाठ बघायची असेल तर त्यांना सांगायचं. सासूबाई एका बक्षीसपात्र क्विल्टसमोर उभ्या राहिल्या आणि थेट तिची कड उचलायला गेल्या. एक मोजेवाल्या आजी धावत आल्या. मी क्षमा मागायच्या तयारीत. सासूबाई मराठीत म्हणाल्या, "पुढून सगळ्यांचंच बरं दिसतं. मला मागून बघायचंय." मी अर्थ सांगितला. आजींचा चेहरा फुलला; दिवसभर त्या याच माणसाची वाट बघत असाव्यात. त्यांनी अलगद पाठ उलटून धरली. हातशिलाई होती. सासूबाईंनी बोट न लावता इंचातले टाके मोजले, दहा भरले, आणि मान हलवली. आजींनीही हलवली. पुढचा अर्धा तास दोघी एकेक पाठ उलटत हिंडल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. माझी कुणालाच गरज पडली नाही.

परतल्यावर शेवटचा धडा: कड आणि लेबल. अडीच इंची पट्टी दुमडून चारी बाजूंनी लावायची, कोपरे तिरपे मोडायचे, मागची बाजू हातानं शिवायची. आणि पाठीवर लेबल लावायचं: कोणी केली, कुठे, कोणत्या साली. बाई याबाबतीत कडक होत्या. जुन्या क्विल्टांपैकी कितीतरी अनामिक राहिल्या, कारण कुठल्याही बाईला आपलं नाव लिहिण्यासारखं काही केलंय असं वाटलं नाही.

याच तासाला संप्रदायाचं खरं दुःख बाहेर पडलं. नर्सबाईंच्या मोठ्या बहिणीनं भाचीच्या बाळाला क्विल्ट दिली होती. ती कपाटात पडून आहे, बाळ आता कॉलेजात आहे. दुसऱ्या एकीनं लेकाला लग्नात दिली. तिच्यावर त्याचा कुत्रा झोपतो. वापरली नाही तरी डोळ्यांत पाणी, वापरली तरी डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी आपापल्या कहाण्या सांगितल्या. मी सासूबाईंना सारांश सांगितला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग तसं लिहा की लेबलावर. पांघरायला दिली आहे, ठेवणीत टाकू नये." मी ते वर्गाला सांगितलं. शांतता पसरली, मग एकच कालवा झाला, आणि त्या दिवसापासून आमच्या गावात क्विल्टच्या लेबलावर नाव, गाव, साल याखाली चौथी ओळ घालतात. पांढऱ्या बाटिकवर, न पुसणाऱ्या शाईनं.

मी माझी पहिली क्विल्ट सासूबाईंना दिली, चौथ्या ओळीसकट. त्यांनी दोन साड्या मागे ठेवून तिच्यासाठी सामानात जागा केली. कराडला थंडी पडल्यावर मी फोन केला आणि सहज विचारलं, "आई, क्विल्ट पांघरता ना?"

"वेडी का तू?" सासूबाई म्हणाल्या. "साडेतेरा डॉलर वार. डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवलीय. कोणी आलं की काढून दाखवते. मागून."